घरची बोली अशुद्ध कशी?

‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ असे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. पण ती बदललेली भाषा कानांवर पडली, की आधी हसू येते. हे हसणे कुणाला किती महागात पडते, याचा विचार किती जण करतात?

पाठ पाण्याचा होता. शहरातल्या शाळेत पाचवीच्या वर्गात बाईंनी विचारले, ‘‘तुमच्या घरी पाणी कुठून येते?’’ कुणी नळ म्हणाले, कुणी टँकर. मागच्या बाकावरचा, त्याच वर्षी अकोल्याकडून आलेला मुलगा उठून म्हणाला, ‘‘बाई, आमच्या इहिरीतलं पानी आटलं, म्हनून आमी इकडे आलो.’’

वर्ग खो खो हसला. बाईही हसू दाबत म्हणाल्या, ‘‘पानी नाही रे, पाणी म्हण. आणि इहीर नाही, विहीर!’’ मुलगा खाली बसला. त्यानंतर त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केला नाही.

असा प्रसंग थोड्याफार फरकाने कितीतरी शाळांत घडतो. त्यातली खेदाची बाब अशी, की ‘ण’च्या जागी आलेला ‘न’ सर्वांना ऐकू आला, पण विहीर आटल्यामुळे एका कुटुंबाला गाव सोडावे लागले, हे कुणालाच ऐकू आले नाही.

शाळेतला हा प्रसंग घरातही घडतो. लग्न होऊन धुळ्याहून पुण्यात आलेली सून फोनवर आईशी अहिराणीत बोलू लागली, की सासरची माणसे एकमेकांकडे पाहतात. मग ती फोन घेऊन गच्चीवर जाऊ लागते. मालवणहून मुंबईत आलेल्या आजीला नातवंडे सांगतात, ‘‘आजी, माझे मित्र आले की तू बोलू नकोस हं.’’ हसणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. त्यांची समजूत एवढीच असते, की पुस्तकातली भाषा तेवढी शुद्ध आणि बाकी सारी तिची बिघडलेली रूपे. ही समजूत कितपत खरी आहे?

एकच प्रश्न, सहा तऱ्हा

‘तू कुठे जातो आहेस?’ हा साधा प्रश्न घ्या. नागपूर-अमरावतीकडे तो ‘कुठी जाऊन राह्यला?’ असा विचारला जाईल. लातूर-नांदेडकडे ‘कुठं जायलास?’, कोल्हापुरात ‘कुठं चाललाईस?’, सिंधुदुर्गात ‘खंय चललंस?’ आणि खानदेशात ‘कोठे जाई ऱ्हायना?’ असे शब्द येतील. प्रत्येक ठिकाणचा हेल वेगळा. कुठे वाक्याचा शेवट लांबतो, कुठे शब्द नाकातून येतो, कुठे बोलणे तोडून टाकल्यासारखे वाटते.

‘मला’ आणि ‘तुला’ घ्या. वऱ्हाडात त्यांचे ‘मले, तुले’ होते, मालवणीत ‘माका, तुका’. मुलगा कोकणात ‘झिल’ होतो, वऱ्हाडात ‘पोट्टा’ होतो, तर अहिराणीत ‘आंडोर’; आणि मुलगी ‘आंडेर’. प्रमाण मराठीतले ‘आहे’ अहिराणीत ‘शे’ होते. शेजारच्या गुजरातीतले ‘छे’ आठवले, की हे ‘शे’ फारसे परके वाटत नाही.

चूक नव्हे, नियम

बोली म्हणजे हवे तसे बोलणे, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. बोलीलाही व्याकरण असते. ते छापलेले नसते, इतकेच.

वऱ्हाडी माणूस ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतो आणि ‘काळा’ला ‘काया’. पुस्तकी भाषेत जिथे ‘ळ’ आहे, तिथे त्याच्या तोंडी बहुधा ‘य’ येतो. चूक कधी होते, कधी होत नाही. जे इतक्या शिस्तीने होते, त्याला नियमच म्हटले पाहिजे.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. पुण्यातल्या वसतिगृहात त्यांची यावरून हमखास थट्टा होते. पण थट्टा करणाऱ्या मुली स्वतः ‘मी उद्या येईन’ असेच म्हणतात ना? तिथे पुरुषाचे आणि स्त्रीचे रूप एकच आहे आणि ते कुणालाही खटकत नाही. पुस्तकी मराठीने भविष्यकाळात जी सवलत घेतली, तीच कोल्हापूरच्या बोलीने इतर काळांतही घेतली. बोलणारा ‘मी’ समोरच दिसतो आहे, मग क्रियापदाने त्याचे लिंग पुन्हा कशाला सांगायचे?

आता त्या मुलाचे ‘पानी’ पाहू. संस्कृतात ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगे. त्यात ‘न’ आहे. प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि मराठी, गुजराती, पंजाबी या भाषांत ‘पाणी’ रूढ झाले. हिंदीने मात्र ‘पानी’ म्हटले. म्हणजे जो उच्चार दिल्लीच्या वर्गात शुद्ध, तोच पुण्याच्या वर्गात गावंढळ! उच्चार तोच, तोंडही तसेच. बदलला तो फक्त ऐकणाऱ्याचा कान. मग दोष ‘न’चा कसा म्हणायचा?

आणि पुस्तकी मराठी बोलणारे तरी पुस्तकाप्रमाणे कुठे बोलतात? पुस्तकात ‘मी काम केले, ते माझे होते’ असे लिहिलेले असते. घरात सारेच ‘मी काम केलं, ते माझं होतं’ असे म्हणतात. त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही, कारण तसे बोलणारी माणसे प्रतिष्ठित मानली जातात. तेव्हा ‘शुद्ध’ हा शब्द पुष्कळदा भाषेपेक्षा बोलणाऱ्याच्या पदराला चिकटलेला असतो. गावातल्या गावात जातीवरून आणि शिक्षणावरूनही बोली बदलते. म्हणून बोलीला हसणे हे अनेकदा माणसाच्या पायरीलाच हसणे असते, हे मान्य केले पाहिजे.

स्वयंपाकघरातले घोटाळे

शब्दांच्या फरकाने गमतीही होतात. नागपूरची नवी सून पुण्याच्या स्वयंपाकघरात विचारते, ‘‘आई, गंज कुठे आहे?’’ सासूबाई दुखावतात. आपल्या लखलखीत भांड्यांना गंज? वास्तविक तिला हवे असते पातेले. पुण्याचे पातेले मुंबई-कोकणात टोप होते, मराठवाड्यात भगुणे आणि विदर्भात गंज. वरण मात्र सगळ्यांत सारखेच शिजते.

विदर्भात ‘आलू’ आणायला सांगितले, तर बटाटे आणायचे. पुण्याच्या माणसाला तेच ‘अळू’ ऐकू आले, तर तो पानांची जुडी घेऊन येईल. विदर्भात पेरूला ‘जाम’ म्हणतात. मुंबईच्या बाजारात ‘जाम’ मागितला, तर वेगळेच पाणीदार फळ हातात पडते. पुण्याची ढोबळी मिरची मुंबईत भोपळी मिरची होते.

नागपूरचा पाहुणा फोनवर म्हणतो, ‘‘मी येऊन राहिलो.’’ म्हणजे तो वाटेत आहे. पुण्याचा यजमान मात्र बुचकळ्यात पडतो, की हा येऊन राहिला तरी कुणाकडे? अशा वेळी दोघांनी मनमोकळे हसले, तर त्यासारखी गंमत नाही. एकाने हसायचे आणि दुसऱ्याने खाली मान घालायची, हे मात्र गमतीत मोडत नाही.

बोली बदलते कशामुळे?

माणसे ज्यांच्याशी रोज बोलतात, त्यांच्यासारखी बोलू लागतात. पूर्वी सोयरीक, बाजार, जत्रा हे सारे दहा-पंधरा कोसांच्या आत चाले. मध्ये सह्याद्रीसारखी भिंत उभी असली, की घाटावरचे आणि तळकोकणातले बोलणे वेगवेगळ्या वाटांनी जाणारच.

शिवाय प्रत्येक प्रदेशाचा शेजार वेगळा. खानदेशाला गुजराती लागून, विदर्भाला हिंदी, सोलापूर-कोल्हापूरला कन्नड. राज्यकर्तेही वेगळे. मराठवाडा 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा तिथल्या मराठीत उर्दू शब्द मिसळले. वऱ्हाड-नागपूर पुष्कळ वर्षे हिंदी मुलखाबरोबर एकाच प्रांतात होते. हे सारे प्रदेश महाराष्ट्र म्हणून एकत्र आले, ते 1 मे 1960 रोजी.

महाराष्ट्राबाहेरही मराठीची रूपे आहेत. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला मराठी माणसे गेली. तिथले मराठी राज्य 1855मध्ये संपले, पण तमिळनाडूतल्या काही घरांत मराठी आजही बोलली जाते. तिच्यात जुनी वळणे आहेत आणि तमिळचा हेलही आहे. बडोद्याच्या मराठीला गुजरातीचा आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीला हिंदीचा रंग चढला आहे. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडे गेल्यावर या मंडळींनाही ‘तुमचे मराठी वेगळेच आहे हो’ हे ऐकावे लागते. वेगळे आहेच. पण मराठी राज्य गेले, मुलूख दूर राहिला, तरी ज्यांनी घरात भाषा टिकवली, त्यांना कमी कसे लेखायचे?

इंग्रज अमदानीत जॉर्ज ग्रिअर्सन या अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या लोकांकडून त्यांच्या बोलीत सांगून घ्यायची, अशी त्याची पद्धत होती. मराठीचा खंड 1905मध्ये निघाला. खानदेशी मात्र त्याने या खंडात घातली नाही, ती भिल्ली बोलींबरोबर दुसऱ्या खंडात ठेवली. कोकणीचे त्याच्या उलट झाले. त्याने तिला मराठीची बोली मानले, आणि पुढे 1992मध्ये तिला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून स्थान मिळाले. बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते, हे एकट्या व्याकरणावरून ठरत नाही, ते यावरून लक्षात येते.

मग प्रमाण भाषा आली कुठून?

अठराव्या शतकात पुणे हे पेशव्यांचे ठाणे झाले. कारभार, पत्रव्यवहार, पाठशाळा तिथे एकवटल्या. इंग्रजांचे राज्य आल्यावर शाळांसाठी क्रमिक पुस्तके हवी होती, छापायला एक ठरलेली भाषा हवी होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831मध्ये छापला गेला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836मध्ये आले. या कामांत पुणे-मुंबईकडच्या शिकलेल्या मंडळींचा वाटा मोठा होता. त्यामुळे त्यांच्या वळणाची भाषा पुस्तकात गेली, पुस्तकातून शाळेत आणि शाळेतून कचेरीत. ती इतर बोलींपेक्षा गोड किंवा काटेकोर होती, म्हणून तिची निवड झाली नाही. सत्ता आणि छापखाना तिच्या बाजूला होते, म्हणून झाली.

यातली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ज्या चित्पावन कुटुंबांचे नाव पुणेरी मराठीशी जोडले जाते, त्यांची कोकणातली घरची बोली निराळीच होती. अनुनासिक उच्चारांची ती चित्पावनी बोली पुण्यात आलेल्या घरांनी हळूहळू टाकून दिली. आज ती फारच थोड्या घरांत उरली आहे. म्हणजे इतरांना हसणाऱ्यांच्या पणजीनेही कधीतरी आपली बोली गिळलीच असेल!

दुसरी गोष्ट वऱ्हाडची. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लिहिला. तो लिहिला गेला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या प्राचीनतेचे दाखले म्हणून ज्या ग्रंथांची नावे घेतली जातात, त्यांत हा ग्रंथ आहे. ज्या मातीत मराठी गद्याची पहिली पोथी सिद्ध झाली, त्या मातीतल्या मुलाला ‘तुला मराठी येत नाही’ म्हणावे, यासारखा विपर्यास कोणता?

बोलीने काय दिले?

जळगावजवळच्या आसोदे गावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचत. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव यांनी त्यांतल्या काही टिपून ठेवल्या. आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर 1952मध्ये पुस्तक निघाले. सोपानदेवांना आईच्या बोलीची लाज वाटली असती, तर मराठी त्या कवितेला मुकली असती. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ कादंबरीतली कौतिक वऱ्हाडीत बोलते, म्हणूनच तिचे दुःख खरे वाटते. आनंद यादवांनी ‘गोतावळा’ ही कादंबरी ग्रामीण बोलीत लिहिली. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक 1980मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले. नाटक पाहून परतणाऱ्या प्रेक्षकांच्या तोंडी मालवणी शब्द असत. 2016च्या ‘सैराट’मधली नायक-नायिका सोलापूरकडच्या बोलीत बोलतात आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. त्याआधी पडद्यावर नायकाने पुस्तकी बोलायचे आणि नोकराने किंवा विनोदी पात्राने बोलीत बोलायचे, असा जणू रिवाजच होता. तो चुकीचा होता, हे प्रेक्षकांनीच दाखवून दिले.

बोलीबरोबर अनुभवही जपला जातो. पावसाच्या तऱ्हा, जमिनीचे पोत, मासळीच्या जाती, गुरांचे आजार यांना बोलीत जितके नेमके शब्द आहेत, तितके पाठ्यपुस्तकात नाहीत. बोली गेली, की तो सारा साठा जातो. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात 780 भाषांची नोंद झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून गावोगावच्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे. पण अभ्यासकांनी मुद्रित केलेली बोली कपाटात राहील. ती जिवंत राहील, ती घरातच.

दोन्ही हव्यात

याचा अर्थ प्रमाण भाषा नकोच, असा मुळीच नाही. गडचिरोलीच्या शेतकऱ्याचा अर्ज मुंबईच्या कचेरीत वाचला गेला पाहिजे. सावंतवाडीच्या मुलीने लिहिलेली उत्तरपत्रिका बीडच्या परीक्षकाला समजली पाहिजे. कायदा, वर्तमानपत्र, औषधाच्या चिठ्ठीवरची सूचना यांना सर्वांना कळेल अशी एक भाषा लागतेच. जो मुलगा ती शिकणार नाही, त्याच्यापुढे कितीतरी दारे बंद राहतील. ‘बोलीतच राहा’ असे त्याला सांगणे हाही अन्यायच ठरेल.

प्रश्न आहे तो शिकवायचे कसे, याचा. लग्नाला जाताना आपण ठेवणीतले कपडे घालतो, म्हणून घरातल्या सुती कपड्यांना घाणेरडे म्हणत नाही. मुलाला ‘तू चुकलास’ म्हटले, की ते चूक आपल्या आईची, आजीची आणि गावाची मानते. ‘आपण घरी असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात’ म्हटले, की त्याच्या हाती दोन भाषा येतात. लहान मुले कुठे कशी बोलायची, हे फार लवकर ओळखतात. आजीशी एक, शाळेत दुसरी, टीव्हीवरच्या हिंदीची नक्कल तिसरी, हे ती सहज करतात. अट एकच, की कोणत्याही भाषेबद्दल त्यांच्या मनात लाज भरलेली नसावी.

घरात काय करता येईल?

* मूल बोलत असताना मध्येच उच्चार सुधारू नका. आधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐका, त्याला उत्तर द्या. पुस्तकी शब्द नंतर तुमच्या बोलण्यातून सहज येऊ द्या.

* एका वहीत दोन रकाने आखा. एकात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला. मुलाकडूनच ती भरून घ्या. शुद्धलेखनाचा सराव होईल आणि घरचा शब्दही राहील.

* सुनेची किंवा जावयाची बोली वेगळी असेल, तर नक्कल करण्याऐवजी चार शब्द शिकून घ्या. तिच्या आईचा फोन आला, की तिच्याच बोलीत एक वाक्य बोला. परकेपणा जायला तेवढे पुरेसे असते.

* आजी-आजोबांच्या गोष्टी, ओव्या, म्हणी त्यांच्याच बोलीत मोबाइलवर मुद्रित करून ठेवा. आज हे काम पैशाविना होते. उद्या त्यांचा आवाज कुठेच मिळणार नाही.

* शिक्षकांनी आठवड्यातून एक तास मुलांना घरच्या बोलीत बोलू द्यावे. वर्गात चार जिल्ह्यांची मुले असली, तर एका वस्तूची चार नावे फळ्यावर लिहावीत. हसू तेव्हाही येईल, पण ते चौघांचे मिळून असेल.

मुलाला मोठेपणी परगावी जायचे असते, परकी भाषा शिकायची असते. आपली बोली दडवून जाणारा मुलगा तिथेही तोंड उघडताना दहादा विचार करतो. घरच्या बोलीचा मान राखून जाणारा चुकतो, सुधारतो आणि बोलत राहतो. ‘इहिरीतलं पानी आटलं’ असे सांगणारे मूल समोर आले, तर त्याला आधी एवढेच विचारावे, ‘‘मग रे? पुढे काय झाले?’’ ‘ण’ शिकवायला उभे वर्ष पडले आहे.